सबरुटीन आणि सबप्रोसीजर : नामांच्या व्याप्तीचा प्रश्न

आज्ञावलीचे लहान लहान विभाग पाडावेत, हे तत्त्व संगणकाच्या इतिहासात जुनेच आहे. केंब्रिज येथील एडसॅक यंत्रासंबंधी विल्क्स, व्हीलर आणि गिल यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सबरुटीनांच्या संग्रहाचे विवेचन आढळते. तथापि एकाच संज्ञेचा अर्थ भाषेगणिक पालटतो. फोरट्रानमधील सबरुटीन बाहेरून मूल्ये स्वीकारू शकते. आयबीएमच्या आरपीजी भाषेतील सबरुटीनला ती सोय नाही. या दुसऱ्या भाषेत सबरुटीन आणि सबप्रोसीजर हे दोन्ही पर्याय उपलब्ध असल्याने त्यांतील भेद तेथे विशेष स्पष्ट होतो.

हा भेद मुख्यतः नामांच्या व्याप्तीचा आहे. आरपीजीतील सबरुटीनला स्वतःची चलनामे नसतात; ज्या आज्ञावलीत ते असते तिचीच नामे ते वापरते. समजा, मुख्य आज्ञावली बारा महिन्यांची बेरीज करीत आहे आणि महिन्याचा अनुक्रम 'क' या चलात ठेवला आहे. तिने बोलावलेल्या सबरुटीनने दिवस मोजण्यासाठी तोच 'क' वापरला, तर जानेवारीअखेर त्याचे मूल्य ३२ होते. बारा ही मर्यादा ओलांडली गेल्यामुळे आवर्तन तेथेच थांबते. यंत्र दोष दाखवीत नाही. वर्षाची म्हणून छापली जाणारी बेरीज मात्र एकट्या जानेवारीची असते.

सबप्रोसीजरमध्ये घोषित केलेला 'क' तिच्यापुरताच असतो. ती कोणती मूल्ये घेते व कोणते परत करते, हे तिच्या घोषणेतच नमूद असते. म्हणून ती स्वतंत्रपणे तपासता येते, अन्य आज्ञावलींना उपलब्ध करून देता येते आणि स्वतःलाच पुन्हा बोलावू शकते.

याचा अर्थ सबरुटीन त्याज्य आहे, असा नव्हे. एकाच आज्ञावलीतील, तिच्याच चलांवर चालणारे छोटे काम वेगळे काढून वाचन सुलभ करण्यास ते पुरेसे आहे. उलटपक्षी, सबप्रोसीजरही बाहेरील व्यापक नामे बदलू लागली, तर तिचा मुख्य लाभ नाहीसा होतो. तेव्हा निवड करताना प्रथम एकच विचारावे : या विभागाचा अर्थ त्याच्या घोषणेवरून कळतो, की त्यासाठी संपूर्ण आज्ञावली वाचावी लागते?