कासवाला जोडी हवी का?

खंडाळ्यात आणि लोणावळ्यात बंगले पुष्कळ. त्या बंगल्यांवर माळीकाम आणि राखणकाम करणारी माणसे बहुतेक आसपासच्या गावचीच. कधी कधी असे होते. मुंबईहून शेट येतात. त्यांच्या मुलांनी हौसेने घेतलेले तळहाताएवढे कासव बरोबर असते. काही महिन्यांत मुलांची हौस फिटते. मग "दादा, आता तुमच्याकडेच राहू द्या" असे म्हणून ते कासव माळीदादाच्या घरी येते. पोरे खूश होतात. आजी म्हणते, "कासव घरात आलं, लक्ष्मी आली." आठ दिवस जातात. कासव कोपऱ्यात गप्प बसते. पाला खात नाही. मग शेजारीपाजारी सांगतात, "एकटं पडलंय बिचारं. आणखी एक आणा, जोडी होईल."

हे सांगणाऱ्याच्या मनात माया असते, हे आम्ही जाणतो. पण कासव गप्प का बसले, याचे कारण एकटेपणा नाही. कारण वेगळेच आहे. ते समजून घ्यायचे तर आधी ते कासव आहे कुठले, हे पाहिले पाहिजे.

कासवाचे पाय बघा. पाय हत्तीच्या पायासारखे जाड, खांबासारखे असले आणि पाठ घुमटासारखी उंच असली, तर ते जमिनीवरचे कासव. बोटांच्या मध्ये बदकासारखे पडदे असले आणि पाठ चपटी असली, तर ते पाण्यातले. हा फरक फार मोठा आहे. कासव म्हटले की आपल्याला पाणी आठवते. म्हणून माणसे जमिनीवरच्या कासवालाही पाण्याने भरलेल्या घंगाळ्यात सोडतात. त्याला पोहता येत नाही. ते बुडून मरते.

शहरातून येते ते बहुधा चांदणी कासव असते. त्याच्या काळपट पाठीवर उंचवटे असतात. प्रत्येक उंचवट्यावरून पिवळ्या रेघा चांदणीसारख्या पसरलेल्या असतात. दिसायला मोठे देखणे. हेच देखणेपण त्याच्या मुळावर आले आहे. हे कासव आपल्या घाटातले नव्हे. गुजरात-राजस्थानाकडचा कोरडा मुलूख, आणि दक्षिणेकडे कर्नाटक, आंध्र, तामिळनाडूतली खुरटी झुडुपांची राने, हे त्याचे घर. तिथे पाऊस बेताचा. ऊन कडक. चरायला गवत, पाला, खाली पडलेली फळे.

आता आपल्या खंडाळ्याचा पाऊस आठवा. वर्षाला चार हजार मिलिमीटरांच्याही वर! जूनपासून सप्टेंबरपर्यंत धुके, ओल आणि गारठा. भिंतींना बुरशी येते, कपडे वाळत नाहीत. आपण चुलीपाशी बसतो, घोंगडी पांघरतो. कासवाचे तसे नाही. त्याच्या अंगात स्वतःची ऊब तयार होत नाही. उन्हात बसले तर अंग तापते आणि मगच खाल्लेले पचते. ऊन नाही तर भूक नाही. ओल्या गारठ्यात त्याचे नाक वाहू लागते. तोंडाला फेस येतो. मान लांबवून, तोंड उघडून ते श्वास घेते. ही छातीच्या आजाराची लक्षणे आहेत. आपल्याला वाटते, ते रुसले आहे.

लहान कासवाला ऊन आणखी एका कामासाठी लागते. कासवाची पाठ म्हणजे वरून घातलेले टोपले नव्हे बरं का. त्याच्या फासळ्या आणि पाठीचा कणा त्या कवचालाच जोडलेला असतो. कवच हे त्याचे हाडच. त्याला रंग फासला, भोक पाडले, तर जनावराला इजा होते. हे हाड घट्ट व्हायला चुना लागतो आणि चुना अंगी लागायला ऊन लागते. काचेच्या पेटीत ठेवून खिडकीतून आलेले ऊन चालत नाही. काचेतून त्यातला कामाचा भाग आत येत नाही. असे वाढलेले कासव मऊ, वाकड्या पाठीचे होते. घरोघरी त्याला दूध, भात, पोळी देतात. तेही त्याचे अन्न नव्हे.

आता जोडीचे बोलू.

गाय वासराला चाटते. कोंबडी पिलांना पंखाखाली घेते. कासवाची मादी मातीत खड्डा करते, अंडी घालते, वर माती लोटते आणि निघून जाते. पिले बाहेर येतात तेव्हा आई तिथे नसते. प्रत्येक पिलू आपापल्या वाटेने जाते. तेव्हापासून ते एकटेच चरते, एकटेच झोपते. चांदणी कासवांचे नर-मादी एकत्र येतात ते मुख्यतः पावसाळ्यात आणि पुन्हा वेगळे होतात. सोबत नाही म्हणून झुरणारा हा जीव नाही.

अशी दोन कासवे एका खोक्यात ठेवली तर काय होते? थोरले असते ते पाल्यावर जाऊन बसते. धाकटे उपाशी राहते. थोरले त्याला ढुशा देते, पायाला चावते. दोन्ही नर असले तर एक दुसऱ्याला उलथे पाडते. उलथे पडलेले कासव उन्हात तसेच राहिले तर मरते. नर-मादी असली तर नर मादीची पाठ सोडत नाही. कधी दोघे एकमेकांना चिकटून बसलेली दिसतात. आपण म्हणतो, "बघा, कशी माया लागलीय." खरे म्हणजे दोघांना तीच एक उबेची जागा हवी असते. शिवाय नवे कासव आपल्याबरोबर जंत आणि आजार आणते, ते निराळेच.

जोडीची एक खरी हकीकत सांगतो. सातासमुद्रापलीकडे, दक्षिण अमेरिकेजवळ, गालापागोस नावाची बेटे आहेत. तिथे माणूस वर बसू शकेल एवढी मोठी कासवे असतात. त्यातल्या पिंटा बेटावर १९७१ साली एक नर सापडला. त्याच्या जातीचा तो शेवटचाच. लोकांनी त्याचे नाव ठेवले एकला जॉर्ज. जात टिकावी म्हणून जवळच्या जातीच्या माद्या त्याच्या वाड्यात ठेवल्या. वर्षांमागून वर्षे गेली, तरी त्याने त्यांच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. २००८ साली अंडी झाली, पण त्यांतून पिले निघाली नाहीत. २०१२ च्या जून महिन्यात जॉर्ज मेला आणि त्याची जात संपली. तिथे शिकलेले लोक होते, मोठे कुंपण होते, औषधपाणी होते. तरी जोडी जमली नाही. मग आपल्या ओसरीवरच्या खोक्यात ती कशी जमावी?

बरे, जोडीचे कासव आणणार कुठून? बाजारात चोरून विकतात, तिथूनच ना? ते रानातून पकडून आणलेले असते. २०१५ साली एक पाहणी छापून आली. आंध्र आणि कर्नाटकाच्या सीमेवरच्या एकाच भागातून वर्षाला निदान ५५ हजार चांदणी कासवे पकडली जातात, असे त्यात दिसले. पोत्यांत, पेट्यांत कोंबून ती नेतात. कितीतरी वाटेतच मरतात. आपण एक विकत घेतले की पकडणारा आणखी पकडायला जातो. २०१९ साली जगातल्या देशांनी मिळून या कासवाचा देशोदेशीचा व्यापार बंद केला.

कायदाही पक्का आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात २०२२ साली दुरुस्ती झाली. चांदणी कासव आता त्याच्या पहिल्या यादीत आहे. वाघही त्याच यादीत आहे. पहिल्या यादीतले जनावर पकडले किंवा बाळगले आणि गुन्हा शाबीत झाला, तर तीन ते सात वर्षे कैद आणि निदान २५ हजार रुपये दंड होतो. "शेटनी दिलं होतं, आम्ही विकत घेतलं नाही" ही सबब कामाला येईल, असे धरून चालू नका. शेट मुंबईला असतात. कासव सापडते ते माळीदादाच्या घरात.

वीस नखांचे कासव असले की पैशाचा पाऊस पडतो, असे सांगत फिरणारे भोंदू लोक आहेत. त्यांच्यापायी कितीजणांनी घरातले होते ते गमावले. पाऊस पडलाच तर पोलिसांच्या प्रश्नांचा पडतो! आजीला कासवाला हात जोडायचे असतील तर देवळात देवासमोर दगडाचे कासव असते. ते पुरेसे आहे.

आणखी एक जपण्याची गोष्ट. कासवाच्या अंगावर जुलाब-ताप आणणारे जंतू असतात. लहान मुले त्याला हाताळतात आणि तोच हात तोंडात घालतात. अमेरिकेत मुले आजारी पडू लागली म्हणून १९७५ साली चार इंचांहून लहान कासवे विकायला सरकारने बंदी केली. कासवाला हात लावला की साबणाने हात धुवावेत.

आपल्या मावळात पाण्यातली कासवे आहेत. पावसाळ्यात भातखाचरात, ओढ्यात किंवा इंद्रायणीकाठी एखादे दिसते. ते हरवलेले नसते. त्याला घरी आणू नये. रस्त्यावर आले असेल तर ज्या दिशेला तोंड असेल त्या बाजूला उचलून ठेवावे. पाणी स्वच्छ राहते म्हणून काहीजण ते विहिरीत सोडतात. विहिरीच्या भिंती उभ्या. त्याला ऊन खायला वर येता येत नाही. मादी असेल तर अंडी घालायला माती मिळत नाही. ही कासवेही कायद्याने राखलेलीच आहेत.

मग घरात आलेल्या कासवाचे काय करावे? भीतीपोटी ते रात्री राजमाचीच्या रानात सोडून येऊ नये. चांदणी कासव त्या पावसात जगणार नाही. त्याचा आजार रानातल्या कासवांनाही लागेल. वनरक्षकाला सांगावे. वनखात्याचा १९२६ हा नंबर आहे, त्यावर फोन करावा. संकोच वाटला तर पोलीस पाटलाला बरोबर घ्यावे. माणूस येईपर्यंत त्याला पाण्यात ठेवू नये. उंच काठाचे खोके घ्यावे, तळाशी कोरडे गोणपाट अंथरावे, झाकणाला हवेसाठी भोके पाडावीत. खोके घरात उबेला ठेवावे, चुलीला लागून नको. उथळ बशीत थोडे पाणी आणि मूठभर हिरवे गवत पुरे. दूध पाजू नये. नाकातून पाणी येत असेल तर ते सांगावे. कोणी दिले, कधी दिले, तेही खरे खरे सांगावे. कासव कुठून आले हे कळले, तर त्याला कुठे पाठवायचे ते वनखात्याला ठरवता येते.