शेतीसंरक्षणाची बंदूक : फायरिंगच्या दिवशी प्रशिक्षक नेमापेक्षा काय बघतात?

भात पसवायला लागलं की रानडुकरं उतरतात. एका रात्रीत कुणग्याचा चिखल करून जातात. त्यामुळे कोकणात अनेक घरांत शेतीसंरक्षणाची बंदूक असते, काही घरांत तर आजोबांच्या वेळची ठासणीची. आता नव्याने परवाना काढायचा किंवा वारसाने आपल्या नावावर करून घ्यायचा, तर कागदांत एक प्रमाणपत्र मागतात. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे अर्जदाराने शस्त्र आणि दारूगोळा सुरक्षा प्रशिक्षण पूर्ण केलेलं असावं लागतं. त्याचा नमुना म्हणजे फॉर्म एस-१. बंदूक कशी धरायची, कशी न्यायची, झाडायची पद्धत, साफसफाई, घरात सुरक्षित ठेवणं आणि कायद्याची माहिती हे सगळं त्यात येतं.

बरेच जण याला नुसता शिक्का समजतात. "बंदूक काय नवी आहे आम्हाला?" असं विचारतात. पण जानेवारी २०२५ च्या अखेरीस पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या जंगलात काय झालं ते आठवा. रानडुकराच्या शिकारीला गेलेल्या गावकऱ्यांमधल्याच एकाला अंधारात डुक्कर समजून गोळी लागली आणि तो गेला. घाबरलेल्या सोबत्यांनी मृतदेह लपवला आणि शेवटी पोलिसांनी त्यांना पकडलं. बंदूक चालवायला येत नव्हती म्हणून हे घडलं नाही. समोर काय आहे ते न बघता चाप ओढला म्हणून घडलं.

अमेरिकेत शिकार कायदेशीर आहे. तिथेही हाच अनुभव आल्यावर न्यूयॉर्क राज्याने १९४९ मध्ये शिकाऱ्यांसाठी प्रशिक्षण सक्तीचं केलं आणि नंतर इतर राज्यांनीही तेच केलं. आज तिथे पुस्तकी भाग मोबाइलवर होतो, पण अनेक ठिकाणी शेवटी मैदानावर येऊन प्रशिक्षकासमोर खरी गोळी झाडून दाखवावी लागते. आपल्याकडे शिकारीला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, तेव्हा आपलं प्रशिक्षण शिकारीसाठी नाही. बंदूक हाताळण्याचे धडे मात्र दोन्हीकडे सारखेच.

फायरिंगच्या दिवशी रेंजवर लाल झेंडा दिसेल. झेंडा वर असेपर्यंत पुढच्या बाजूला कुणी फिरकायचं नाही. कानात बोळे किंवा कानावर मफ, डोळ्यांना चष्मा. झाडणाऱ्यांच्या रांगेत एका वेळी मोजकीच माणसं, बाकीचे मागे. सांगितल्याशिवाय भरायचं नाही, सांगितल्याशिवाय झाडायचं नाही. आणि "थांबा" असं कुणीही ओरडलं, अगदी मागे बसलेला शिकाऊ का असेना, तर सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. हा नियम मला फार आवडतो. गावात वयाने लहान असलेल्याने मोठ्याला थांबवलं तर अपमान वाटतो, रेंजवर तसं चालत नाही.

आता प्रशिक्षक काय बघतो? नेम थोडाफार बघतो, पण जास्त लक्ष बोटाकडे आणि नळीच्या तोंडाकडे असतं. नेम धरून झाडायची वेळ येईपर्यंत बोट चापाच्या बाहेर, नळीवर सरळ ठेवलेलं हवं. बोलताना, वळताना, मागच्याकडे बघून हसताना नळी कुणावर फिरली, तर नेम कितीही चांगला असो, तुम्हाला बाजूला काढतील. बंदूक हातात आली की आधी उघडून रिकामी आहे का बघायचं, मग ती आत्ताच दुसऱ्याने बघून दिलेली असली तरी. "रिकामीच आहे" म्हणून झालेले अपघात आपल्या पोलीस ठाण्यांच्या दप्तरात कमी नाहीत.

चाप ओढला आणि बार झालाच नाही, तर? इथे बहुतेक जण लगेच बंदूक उघडतात किंवा नळीत डोकावतात. दोन्ही चूक. कधी कधी दारू उशिरा पेट घेते. बंदूक तशीच समोर धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं, मगच उघडायचं. ठासणीच्या बंदुकीला याहून जास्त वेळ द्यावा लागतो आणि तोपर्यंत तिच्या तोंडासमोर हातसुद्धा न्यायचा नाही.

ठासणीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. भरलेली आहे की नाही हे बाहेरून कळत नाही, म्हणून दोनदा भरली जाते. उपाय साधा आहे. गज रिकाम्या नळीत टाकून तोंडाशी खूण करून ठेवायची. खूण वर दिसली की आत काहीतरी आहे. आणि काडतूस फोडून त्यातली दारू ठासणीत भरायचा उद्योग कुणीही करू नये. ती दारू काळ्या दारूपेक्षा कितीतरी जोरात दाब देते आणि नळी फुटते. फुटते ती डाव्या हाताजवळ किंवा तोंडासमोर.

१२ बोअरवाल्यांसाठी वेगळी गोष्ट. २० बोअरचं काडतूस बारीक असतं. चुकून १२ बोअरमध्ये गेलं तर ते घरंगळत पुढे जाऊन नळीत अडकतं. माणसाला वाटतं भरलीच नाही. मग तो मागून १२ चं घालतो आणि झाडतो. नळी फुटायला एवढं पुरतं. दोन्ही प्रकारची काडतुसं एका खिशात किंवा एका पिशवीत ठेवायची नाहीत. पावसात बांधावर घसरून नळीच्या तोंडात चिखल गेला तरी तोच धोका. अशा वेळी आधी बंदूक रिकामी करा, मग नळी आरपार बघा.

रेंजवर गोळ्यांमागे मातीचा मोठा बंधारा असतो, ज्याला बट म्हणतात. गोळी मातीत रुतते. तुमच्या शेतात असा बंधारा नाही. तिथे कातळ आहे, जांभ्याचा गडगा आहे, पलीकडे वाडी आहे. कातळावर आपटलेले छरे कुठे उडतील ते कुणाला सांगता येत नाही. छऱ्यांचा खरा उपयोग साधारण ३५-४० मीटरपर्यंत, पण मोठे छरे अर्ध्या किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकतात. म्हणून झाडताना जनावर बघायचंच, पण जनावराच्या मागे काय आहे तेही बघायचं. रात्री बॅटरीच्या उजेडात चमकणारे डोळे डुकराचेच असतात असं नाही. गाय, कुत्रा, मांजर, सगळ्यांचे चमकतात. पूर्ण जनावर ओळखू आल्याशिवाय बंदूक खांद्याला लावायचीच नाही.

चांगला प्रशिक्षक आणखी एक करून घेतो, अडथळा ओलांडणं. गडगा चढायचा असेल, माळ्यावर जायचं असेल, व्हाळ ओलांडायचा असेल तर आधी काडतुसं बाहेर काढायची. दोघे असाल तर एकाने ओलांडायचं आणि मग दुसऱ्याने रिकामी, उघडी बंदूक त्याच्या हातात द्यायची. एकटे असाल तर ती आधी पलीकडे ठेवायची, तोंड आपल्यापासून लांब. भरलेली बंदूक दोरीने माळ्यावर ओढून घेणारे आहेत आणि ती ओढताना तिचं तोंड ओढणाऱ्याकडेच असतं. कुणी शेताच्या वाटेवर बंदूक बांधून, चापाला तार लावून ठेवत असेल तर तो सरळ गुन्हा आहे. सकाळी त्या वाटेने गुराखी जातो.

प्रशिक्षण झालं, परवाना मिळाला, म्हणजे डुक्कर मारायची मुभा मिळाली का? नाही. परवाना बंदूक बाळगायचा. जनावर मारायला वन विभागाची लेखी परवानगी वेगळी लागते. वन्यजीव कायद्याच्या कलम ११ प्रमाणे उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या रानडुकरासाठी अधिकृत अधिकारी ती देऊ शकतो. गवा आणि हत्ती पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यांच्या वाटेला जाऊच नका. आणि परवानगीने मारलेलं डुक्करही सरकारची मालमत्ता असतं. वाडीत वाटे घालायचे नाहीत, हे अनेकांना माहीतच नसतं.

कागदांचं थोडक्यात. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र शाखेकडे, फॉर्म ए-१ मध्ये. सोबत एस-१ (प्रशिक्षण), एस-२ (बंदूक घरात सुरक्षित ठेवण्याची हमी) आणि एस-३ (वैद्यकीय दाखला). वय २१ पूर्ण हवं. बंदूक वारसाला द्यायची तर धारकाच्या मृत्यूची वाट बघावी लागत नाही. धारकाला ७० वर्षं पूर्ण झाली किंवा शस्त्र बाळगून २५ वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा अर्ज करता येतो. पण वारसदार स्वतः पात्र असावा लागतो. वडिलांनी बंदूक ४० वर्षं वापरली हे मुलाचं प्रशिक्षण धरत नाहीत. प्रशिक्षणाचे पैसे भरण्याआधी कुणाचं प्रमाणपत्र चालतं ते शस्त्र शाखेतच विचारून घ्या. मान्यता नसलेल्याने दिलेला एस-१ घेऊन गेलात तर अर्ज तिथेच अडकेल. फायरिंगला जाताना ओळखपत्र, बंद बूट आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट. आदल्या रात्री घेतलेली असेल तर त्या दिवशी जाऊच नका, दुसरी तारीख मागून घ्या.