रुसवा शेतात, वाट पाहणं रानात

गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेरा परिसरात धान निघालं की अनेक घरांतली माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात आणि पावसाआधी परततात. तोवर घरी उरलेल्यांना वाट पाहणं आलंच. तमिळ संगम कवितेने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या वाट पाहण्याला रानातच जागा दिली. त्या भूमीला नाव 'मुल्लै', ऋतू पावसाळा. डोंगरात मीलन, शेतशिवारात रुसवा, समुद्रकाठी काहूर, रखरखीत वाटेवर ताटातूट, अशा पाच भूमी प्रेमाला नेमून दिलेल्या. गेल्या जवळपास पाच दशकांतले तमिळ प्रेमपट मागे वळून पाहिले, तर ही वाटणी अजून टिकलेली दिसते.

१९७७ साली '१६ वयदिनिले' करताना दिग्दर्शक भारतीराजांनी कॅमेरा स्टुडिओतून उचलला आणि खऱ्या गावात नेला. १९८१च्या 'अलैगळ ओय्वदिल्लै'मध्ये प्रेमी वेगळ्या धर्मांचे आहेत. शेवटी त्याचं जानवं आणि तिचा क्रूस गळ्यातून उतरतात. भाषणाचं काम दोन वस्तूंनी केलं.

मणिरत्नम यांच्या 'बॉम्बे'त (१९९५) समुद्रकाठच्या बेकल किल्ल्यावर भर पावसावाऱ्यात गाणं आहे. प्रियकराकडे धावताना नायिकेचा बुरखा जहाजाच्या नांगरात अडकतो. ती तो तिथेच सोडून पुढे जाते. 'अलैपायुदे'त (२०००) समुद्राची जागा चेन्नईच्या लोकलने घेतली. याच काळात ऊठसूट परदेशी डोंगरांत चित्रित झालेली गाणी मात्र आज नुसती सहलीची चित्रं वाटतात, कारण त्या जमिनीशी पात्रांचं काही देणंघेणं नव्हतं.

२०१८मध्ये मारी सेल्वराज यांचा 'परियेरुम पेरुमाळ' आला. जातीच्या भिंतीमुळे त्यातलं प्रेम धड उच्चारलंही जात नाही. शेवटच्या चौकटीत चहाचे दोन ग्लास आणि मध्ये एक फूल. ग्लास शेजारी आले, पण मधलं अंतर गेलं नाही, हे प्रेक्षकाला बरोबर कळतं.

ही रीत आपल्याला परकी नाही. हालाच्या प्राकृत 'गाथासप्तशती'तही प्रेम शेताच्या बांधावर आणि गोदावरीच्या काठी घडतं. या गाथा आणि संगम कविता दख्खनच्या एकाच लोकपरंपरेतून आल्या असाव्यात, असं अभ्यासक जॉर्ज हार्ट यांनी १९७५मध्ये मांडलं. गडचिरोली जिल्ह्यातच चपराळ्याजवळ वर्धा-वैनगंगेच्या संगमातून निघणारी प्राणहिता पुढे सिरोंच्याजवळ त्याच गोदावरीला मिळते.

मराठी पडद्यावरचं प्रेम मात्र बराच काळ बंगला, बाग आणि कॉलेजात रमलं. नागराज मंजुळे यांच्या चित्रपटांत ते शिवारात आलं. 'फँड्री'तला (२०१३) जब्या काळ्या चिमणीमागे रानोमाळ फिरतो, कारण तिची राख टाकली की त्याची आवडती शालू वश होईल असं त्याला वाटतं. 'सैराट'मध्ये (२०१६) विहीर आणि केळीची बाग आहे तोवर प्रेम उधळतं. प्रेमी आर्ची-परश्या हैदराबादला पळतात तेव्हा शिवार सुटतं, भाषाही सुटते, आणि पहिल्यांदा दोघांत खरी भांडणं होतात. संगम कवींची रखरखीत वाट ती हीच.

प्रतीक सुंदर दिसलं म्हणून लक्षात राहत नाही. पात्राला त्याची किंमत मोजावी लागली तरच राहतं. मराठी सिनेमाला शेत सापडलं, विहीर सापडली. हंगामी कामासाठी दूर जाणारी माणसं आणि त्यांची वाट पाहणारी रानातली घरं ही खास आपली 'मुल्लै' आहे. पुढची मोठी प्रेमकथा तिथून यायला हवी.