हिवाळ्यानंतर पोकळ झालेला क्लच
कॅनडात हिवाळाभर गॅरेजमध्ये उभी असलेली मोटरसायकल एप्रिलमध्ये काढली, की कधी कधी क्लचचा लिव्हर पोकळ लागतो, गिअर पडत नाही. हायड्रॉलिक क्लचमध्ये केबल नसते, द्रवच दाब पोचवतो. डॉट ४ द्रव हवेतला ओलावा शोषतो. जुना झाला की त्याचा गाळ मास्टर सिलिंडरच्या सुईएवढ्या भोकात अडकतो. मास्टर सिलिंडरवरच्या द्रवाच्या टाकीचं झाकण उघडून पाहा. द्रव चहासारखा तपकिरी दिसला, तर बदलायलाच हवा. भोक साफ करून नवा द्रव भरा. मग लिव्हर दाबून धरा, खालचा हवा काढायचा निपल उघडा, बंद करा आणि मगच लिव्हर सोडा. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करत राहा, टाकी मात्र रिकामी होऊ देऊ नका. झाकणावरची सूचना आधी वाचाच: काही केटीएम गाड्यांत खनिज तेल असतं, त्यात डॉट ४ घातलं तर रबरी सील खराब होतात.