एक शून्य गेलं तर भाव बुडतो! ऑनलाइन दुकानात माल चढवण्याआधी शीट अशी तयार करा

सांगली : हळद, बेदाणा, शेवया, पापड, चटणी असा माल आता बचत गट आणि शेतकरी उत्पादक कंपन्या ऑनलाइन दुकानातूनही विकतात. प्रत्येक वस्तूची माहिती एकेक करून भरत बसायचं तर दिवस जातो. म्हणून गटातले चार-पाच जण मिळून एकाच गुगल शीटमध्ये माहिती भरतात आणि ती फाइल एकदम दुकानात चढवतात. याला बल्क इम्पोर्ट म्हणतात. पन्नास वस्तू काही मिनिटांत दुकानात लागतात. पण शीटमध्ये चूक असेल तर तीही तेवढ्याच वेगात लागते.

समजा, बेदाण्याच्या पाकिटाचा भाव ६८० रुपये आहे आणि शीटमध्ये ६८ पडला. रात्रीतून २० ऑर्डर आल्या. माल पाठवला तर पाकिटामागे ६१२ प्रमाणे १२,२४० रुपयांची तूट. ऑर्डर रद्द केल्या तर गिऱ्हाइकाची बोलणी खायची आणि दुकानाचं नाव खराब. दोन्हीकडून नुकसान गटाचंच. त्यामुळे फाइल चढवण्याआधीचा तासभर महत्त्वाचा असतो.

आधी दुकानाचा नमुना घ्या

वूकॉमर्स असो, शॉपिफाय असो की दुसरं कुठलं दुकान, प्रत्येकाची रकान्यांची नावं ठरलेली असतात. आपल्या मनाने रकाने पाडू नयेत. दुकानात एक-दोन वस्तू हाताने भराव्यात आणि तीच यादी एक्सपोर्ट करून घ्यावी. मिळालेली फाइल हाच आपला नमुना. पहिल्या ओळीतली इंग्रजी नावं बदलायची नाहीत, भाषांतरही करायचं नाही.

एका ओळीत एकच वस्तू. हळद पाव किलो, अर्धा किलो आणि एक किलो अशी विकायची असेल तर तीन ओळी होतात. 'हळद २५०/५००/१०००' असं एका चौकटीत कोंबलं तर दुकानाला काही कळत नाही.

प्रत्येक ओळीला स्वतःचा कोड हवा. त्याला एसकेयू म्हणतात. पाव किलो हळदीला 'एचएलडी-२५०', अर्धा किलोला 'एचएलडी-५००' असा साधा कोड इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत ठेवावा. हा कोड म्हणजे वस्तूचा सातबारा नंबर समजा. पुढच्या वेळी भाव बदलायचा असेल तेव्हा बऱ्याच दुकानांत याच कोडावरून वस्तू ओळखली जाते. कोड बदलला तर जुनी वस्तू तशीच राहते आणि तीच वस्तू दुसऱ्या भावाने पुन्हा दिसायला लागते.

शून्य कुठे जातं?

आपल्या बऱ्याच शेतमालाचा एचएसएन कोड शून्याने सुरू होतो. हळद ०९१० मध्ये येते, बेदाणा ०८०६ मध्ये, डाळी ०७१३ मध्ये. शीट त्याला साधी संख्या समजते आणि पुढचं शून्य उडवते. ०९१० चं ९१० झालं की कर लावताना घोळ होतो. उपाय सोपा आहे. माहिती भरण्याआधीच तो रकाना निवडायचा आणि फॉरमॅटमध्ये जाऊन 'प्लेन टेक्स्ट' करायचा.

अन्न परवान्याचा एफएसएसएआय नंबर १४ अंकी असतो, बारकोड १३ अंकी. फाइल एक्सेलमध्ये उघडली की एवढे मोठे आकडे आखडून दिसतात, मधेच 'ई' अक्षर आणि अधिकचं चिन्ह येतं. तशीच सीएसव्ही म्हणून सेव्ह केली तर मूळ आकडा कायमचा गेला. हे रकानेही प्लेन टेक्स्टच ठेवावेत. '१०-१२' असं लिहिलं तर शीट त्याची तारीख करून टाकते, तिथेही हाच उपाय.

भावाच्या रकान्यात फक्त इंग्रजी आकडा. 'रु.' नको, '/-' नको, हजाराचा स्वल्पविराम नको. एमआरपी म्हणजे सगळे कर धरून असलेली किंमत. विक्रीचा भाव तिच्या वर जाता कामा नये.

वजनात सगळ्यात जास्त फसगत

वजनं दोन असतात. पुड्यात भरलेल्या मालाचं निव्वळ वजन आणि पॅकिंगसह पार्सलचं वजन. गिऱ्हाइकाला पहिलं सांगायचं, कुरिअरचा खर्च दुसऱ्यावर निघतो. दुकानाचं सेटिंग किलोत आहे की ग्रॅममध्ये, हे आधी बघावं. सेटिंग किलोचं असताना पार्सलसाठी ३०० लिहिलं तर दुकान ३०० किलोचं भाडं दाखवतं आणि गिऱ्हाईक तिथूनच परत फिरतं. किलोत असेल तर ०.३ लिहायचं. 'पाव', 'अर्धा' हे शब्द वर्णनात चालतील, वजनाच्या रकान्यात नाहीत.

पॅकबंद माल ऑनलाइन विकताना दुकानाच्या पानावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, निव्वळ वजन, एमआरपी, ग्राहक तक्रारीसाठी संपर्क आणि कुठल्या देशात बनला हे दाखवावं लागतं. वजनमापे कायद्याखालच्या २०११ च्या पॅकबंद वस्तू नियमांत दुरुस्ती होऊन १ जानेवारी २०१८ पासून ऑनलाइन विक्रीलाही हे लागू झालं. म्हणून शीटमध्ये या प्रत्येकासाठी रकाना ठेवावा आणि पुड्यावर छापलंय तेच भरावं.

नाव लिहितानाही जपावं. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. मानांकनाचं नाव नोंदणी केलेल्या अधिकृत वापरकर्त्यालाच वापरता येतं. गटाची नोंदणी नसेल तर मानांकनाचं बोधचिन्ह फोटोत आणि तसा दावा वर्णनात टाकू नये.

फोटोची लिंक कशी हवी?

गुगल ड्राइव्हची शेअर लिंक टाकली तर फोटो बहुतेक वेळा येत नाही, कारण ती फोटोची नव्हे तर पानाची लिंक असते. फोटो आधी दुकानातच अपलोड करावेत आणि तिथे मिळणारी थेट लिंक शीटमध्ये टाकावी. फोटोच्या फाइलला एसकेयूचंच नाव दिलं की हळदीला पापडाचा फोटो लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला तर तो दबतो. तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

शीट कोणाच्या हातात?

'फायनल', 'फायनल २', 'नवीन फायनल' अशा फाइली ग्रुपवर फिरवू नयेत. शीट एकच ठेवावी. 'लिंक असलेल्या कोणालाही बदल करता येईल' असं सेटिंग ठेवू नये. ज्यांना भरायचं आहे त्यांच्याच ईमेलला बदलाची परवानगी द्यावी, बाकीच्यांना फक्त बघण्याची. कोणी काय भरायचं हे वाटून घ्यावं. स्टॉक माल भरणाऱ्याने, भाव हिशेब ठेवणाऱ्याने, वर्णन तिसऱ्याने. एसकेयू आणि भावाचे रकाने 'प्रोटेक्ट' करून एकाच्याच हाती ठेवावेत. प्रकारासाठी ड्रॉपडाउन लावावा, नाहीतर एकजण 'मसाला' लिहितो, दुसरा 'मसाले' आणि दुकानात दोन विभाग तयार होतात.

सगळ्यात मोठा धोका क्रम लावण्याचा. फक्त भावाचा रकाना निवडून क्रम लावला तर भाव खालीवर होतात आणि नावं जागेवरच राहतात. बेदाण्याचा भाव पापडाला लागतो. असं झालंच तर घाबरू नये. 'व्हर्जन हिस्ट्री'त जाऊन आधीची शीट परत आणता येते.

चढवताना हे पाळा

• दुकानातली आत्ताची पूर्ण यादी एक्सपोर्ट करून बाजूला ठेवा. काही बिघडलं तर तीच कामाला येते.

• गुगल शीटमधून सीएसव्ही डाउनलोड करा. समोर उघडा असलेला टॅबच उतरतो, म्हणून योग्य टॅबवर आहोत ना ते बघा.

• उतरलेली फाइल एक्सेलमध्ये उघडून पुन्हा सेव्ह करू नका. शून्यं जातात आणि मराठी अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं येऊ शकतात. फाइल आहे तशीच चढवा.

• जुन्या वस्तू बदलायच्या असतील तर रिकाम्या चौकटी तपासा. काही दुकानांत रिकामी चौकट म्हणजे 'आधीची माहिती पुसा' असा अर्थ होतो.

• आधी तीनच ओळींची फाइल चढवा. गिऱ्हाईक होऊन मोबाइलवर बघा. नाव, फोटो, भाव, वजन आणि कुरिअरचा खर्च बरोबर दिसला तरच बाकीच्या ओळी चढवा.

• शेवटी एकाने पुड्यावरचा भाव मोठ्याने वाचावा आणि दुसऱ्याने दुकानातला भाव बघावा. ज्याने शीट भरली त्यानेच तपासली तर स्वतःची चूक नजरेत येत नाही.