घरच्या गॅरेजमधले टर्बो

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात 'नॉर्मल' नावाचे एक शहर आहे. अशा सर्वसाधारण नावाच्या गावात १९८०च्या दशकाच्या अखेरीस एक मुळीच सर्वसाधारण नसलेली मोटार तयार होऊ लागली. क्रायस्लर आणि मित्सुबिशी या दोन कंपन्यांनी १९८५ मध्ये 'डायमंड-स्टार मोटर्स' ही संयुक्त कंपनी स्थापन केली होती. तिच्या कारखान्यातून मित्सुबिशी एक्लिप्स, ईगल टॅलन आणि प्लिमथ लेझर अशा तीन नावांनी, परंतु एकाच साच्यातून निघालेल्या छोट्या स्पोर्ट्स मोटारी १९९०चे मॉडेल म्हणून बाजारात आल्या. त्यातील चढ्या किमतीच्या प्रकारांत दोन लिटरचे टर्बोचार्ज केलेले इंजिन आणि चारही चाकांना शक्ती पुरविणारी यंत्रणा होती. (एक्लिप्स हे नाव ग्रहणावरून नव्हे, तर अठराव्या शतकातील एका अजिंक्य इंग्लिश शर्यतीच्या घोड्यावरून घेतलेले आहे.) मित्सुबिशीने तो कारखाना २०१५ मध्ये बंद केला आणि पुढे रिव्हियन या कंपनीने तो घेऊन तेथे विजेवर चालणाऱ्या गाड्या बनविण्यास सुरुवात केली. जुन्या एक्लिप्स आणि टॅलन मात्र अजूनही अनेक अमेरिकन घरांच्या गॅरेजमध्ये इंजिन उतरवलेल्या अवस्थेत उभ्या आहेत. यांनाच तिकडे 'प्रोजेक्ट कार' म्हणतात. वापरण्यापेक्षा काम करण्यासाठीच घेतलेली गाडी, असा त्याचा अर्थ.

आपल्याकडील वाचकाला हा छंद थोडा विचित्र वाटेल. गाडीचे 'इंजिन काम' निघाले की आपण ती ओळखीच्या मेकॅनिककडे सोडतो आणि चार दिवसांनी बिलावरून वाद घालतो. अमेरिकेत मजुरी महाग आणि घराला लागूनच गॅरेज, त्यामुळे स्वतः पाना हातात घेण्याची परंपरा तेथे जुनी आहे. परंतु साधे इंजिन उघडून पुन्हा जोडणे आणि टर्बो इंजिन उघडून त्याची शक्ती वाढविणे, यात फार मोठे अंतर आहे. साधे इंजिन चूक सहन करते, टर्बो बहुधा करीत नाही.

याचे कारण टर्बोच्या कार्यपद्धतीतच आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या झोतावर एक छोटे चक्र फिरते. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला असलेले चक्र बाहेरची हवा ओढून, दाबून सिलिंडरांत ढकलते. हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने या कल्पनेचे पेटंट १९०५ मध्ये घेतले. सर्वसामान्य मोटारीत ती प्रथम आली १९६२ मध्ये, ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेर या अमेरिकन गाड्यांतून. आपल्याला मात्र 'टर्बो' हा शब्द ट्रकच्या पाठीवर रंगवलेला पाहूनच प्रथम परिचयाचा झाला.

हवा अधिक, म्हणून तिच्यासोबत जाळता येणारे पेट्रोल अधिक आणि म्हणून शक्तीही अधिक. एक्लिप्सच्या मूळ इंजिनाची शक्ती १९५ अश्वशक्ती होती. दोन लिटरच्या इंजिनासाठी त्या काळात हा आकडा भरघोस होता. परंतु हवा दाबली की तापते, आणि सारे दुखणे येथूनच सुरू होते. तीस अंशांची हवा वातावरणाच्या दुप्पट दाबापर्यंत दाबली, की ती सहज सव्वाशे अंशांच्या घरात जाते. म्हणून वाटेत इंटरकूलर बसवतात. रेडिएटर पाण्याला थंड करतो, तसा हा हवेला थंड करतो. हवा तापलेलीच राहिली, किंवा पेट्रोल कमी पडले, तर ठिणगीने पेटलेली ज्वाला पोहोचण्यापूर्वीच सिलिंडरच्या कोपऱ्यातील मिश्रण आपोआप भडकते. यालाच इंजिनाचे 'नॉकिंग' म्हणतात. साध्या गाडीत चढावर जी टकटक ऐकू येते, तीच ही. टर्बो इंजिनात मात्र काही सेकंदांच्या अशा टकटकीने पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तुटून पडतात.

गाडी घरी आल्यावर पहिले काम शक्ती वाढविण्याचे नसतेच. तीस वर्षांहून जुन्या या गाड्यांतील इंजिन-संगणकाच्या पेटीत छोटे कपॅसिटर असतात. त्यातील द्रव झिरपून खालच्या पट्टीवरील तांब्याच्या रेषा खातो. मग गाडी कधी चालते, कधी चालत नाही, आणि बिचारा मालक इंजिनात दोष शोधत बसतो. म्हणून जाणकार प्रथम ती पेटी उघडून पाहतात. त्यानंतर ब्रेक, रबरी नळ्या, पेट्रोलच्या नळ्या. माझ्या मते जो माणूस ब्रेकच्या आधी टर्बोची खरेदी करतो, त्याने या छंदाच्या वाटेला जाऊच नये. तीच गोष्ट जॅकची. जॅक हा गाडी उचलण्यासाठी असतो, उचलून धरण्यासाठी नव्हे. भक्कम स्टँडवर गाडी टेकविल्याशिवाय तिच्याखाली शिरणे म्हणजे एका रबरी सीलच्या भरवशावर छातीवर काही क्विंटल लोखंड टांगणे होय.

इंजिन उघडले की खरे काम मोजमापाचे असते. ४जी६३ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ८५ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ८८ मिलिमीटर. ब्लॉक ओतीव लोखंडाचा, म्हणून भक्कम. हेच इंजिन पुढे मित्सुबिशीच्या लान्सर इव्होल्यूशनमध्ये २००७ पर्यंत नांदले, आणि त्या गाडीवर टॉमी माकिनेन या फिनिश चालकाने १९९६ ते १९९९ अशी सलग चार वर्षे जागतिक रॅली विजेतेपद मिळविले. आपल्याकडे १९९८ पासून हिंदुस्थान मोटर्सने जी लान्सर विकली, ती याच घराण्यातली. पण तिला हे इंजिन कधी लाभले नाही.

सिलिंडर झिजले असतील तर लेथवाल्याकडून बोअर करून घ्यावे लागतात, आणि घडीव पिस्टन बसवले जातात. ओतीव पिस्टनपेक्षा ते अधिक मार सहन करतात. येथे एक बारीक गोष्ट आहे. पिस्टनच्या रिंगेची दोन टोके सिलिंडरमध्ये एकमेकांपासून किंचित दूर ठेवावी लागतात. एवढ्या व्यासाच्या साध्या इंजिनात हे अंतर ०.३५ मिलिमीटरच्या आसपास चालते, टर्बोसाठी ते ०.४५ ते ०.५० मिलिमीटर ठेवतात. कारण उष्णतेने रिंग लांबते. तिला जागा मिळाली नाही तर टोकाला टोक भिडते, रिंग सिलिंडरच्या भिंतीत रुतते आणि पिस्टनचा वरचा भाग उपटून निघतो. कागदाच्या जाडीएवढ्या या फरकासाठी कानशीने रिंगेचे टोक घासत, पुन्हा पुन्हा फीलर गेज घालून पाहत एक अख्खी संध्याकाळ जाते.

त्याहून कुप्रसिद्ध आहे तो क्रँकशाफ्टचा आजार. १९९२च्या सुमारास कंपनीने या इंजिनाची रचना बदलली. फ्लायव्हील क्रँकशाफ्टला सहा बोल्टऐवजी सात बोल्टने बसू लागले आणि आतील भागही बदलले. सात बोल्टच्या इंजिनांपैकी काहींत क्रँकशाफ्ट मागे-पुढे सरकू लागतो, कारण त्याला जागच्या जागी ठेवणारी मधली थ्रस्ट बेअरिंग झिजते. ही हालचाल नियमाप्रमाणे ०.०५ ते ०.१८ मिलिमीटर असावी. ती वाढली की वळणावर क्लचच्या पेडलची उंची बदललेली पायाला जाणवते, आणि तोपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. कारणांबद्दल या गाड्यांच्या शौकिनांत वाद आहेत. तथापि अधिक ताकदीचा क्लच बसवला की पेडल दाबताना त्या बेअरिंगवरचा दाब वाढतो, हे निर्विवाद. म्हणून अनेक जण क्लच दाबल्याशिवाय गाडी सुरू होऊ न देणारा स्विच निकामी करतात, म्हणजे तेलाचा दाब येण्यापूर्वी बेअरिंगवर भार पडत नाही. उपाय ठीक आहे. परंतु गिअरमध्ये राहिलेली गाडी चावी फिरवताच पुढे उडी मारते आणि पुढे भिंत असते किंवा माणूस.

टायमिंग बेल्टची जोडणी ही तर परीक्षाच. हे इंजिन 'इंटरफिअरन्स' जातीचे आहे, म्हणजे बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात. आणि येथे बेल्ट एक नाही, दोन आहेत. कंपने शमविण्यासाठी मित्सुबिशीने दोन तोल-दांडे बसवले होते. पोर्शनेही हे तंत्र आपल्या ९४४ मोटारीसाठी परवान्याने घेतले होते. यापैकी एका दांड्याचा छोटा बेल्ट तुटून मोठ्या बेल्टमध्ये अडकला, की दोन्हींचा निकाल लागतो. दुसरा दांडा तेलाच्या पंपाबरोबर फिरतो, आणि त्याच्या दंतचक्रावरील खूण जुळली तरी आतला दांडा उलटा असू शकतो! ते तपासण्याची युक्ती मोठी मजेशीर आहे. ब्लॉकच्या बाजूचा एक बोल्ट काढून त्या छिद्रात आठ मिलिमीटर जाडीचा स्क्रू ड्रायव्हर घालायचा. तो साठ मिलिमीटर आत गेला तर सारे ठीक. वीस-पंचवीसवरच अडला, तर चक्र एक फेरा फिरवून पुन्हा पाहायचे. हे न करता जोडलेले इंजिन सुरू होते, चालते, आणि सारखे थरथरत राहते. अनेक जण हे दांडेच काढून टाकतात. थरथर थोडी वाढते, पण एक काळजी कमी होते.

आता शक्ती वाढविण्याकडे वळू. येथे बहुतेक इंजिने ज्या मार्गाने मरतात तो मार्ग जवळपास ठरलेला आहे. नवा मालक प्रथम मागचा सायलेन्सर आणि नळ्या बदलून मोठ्या व्यासाच्या बसवतो. वायू मोकळे निघू लागतात, टर्बो अधिक वेगाने फिरतो. त्याचा वेग आवरण्यासाठी वेस्टगेट नावाची एक झडप असते. ठरावीक दाबानंतर ती उघडते आणि काही वायू चक्राला वळसा घालून निघून जातात. पण तिचे छिद्र मूळच्या चिंचोळ्या नळ्यांच्या हिशेबाने पाडलेले. आता ते अपुरे पडते, आणि झडप पूर्ण उघडी असूनही दाब चढतच राहतो. अपेक्षेपेक्षा अधिक हवा आत जात आहे हे संगणकाला कळते आणि तो पेट्रोल तोडतो. गाडी भिंतीवर आदळल्यासारखा धक्का बसतो. हा धक्का म्हणजे इंजिनाने मारलेली हाक असते. मालक मात्र तिला अडथळा समजतो आणि हवा मोजणाऱ्या यंत्राचा संदेश कमी करून पाठविणारी एक छोटी पेटी बसवतो.

यात दुहेरी घात आहे. हवा कमी आहे असे समजून संगणक पेट्रोल कमी देतो, हे उघडच आहे. म्हणून मालक मोठे इंजेक्टर बसवतो आणि हिशेब जुळला असे त्याला वाटते. परंतु त्याच संदेशावरून संगणक ठिणगीची वेळही ठरवतो. भार हलका आहे असे वाटून तो ठिणगी आधी टाकतो. म्हणजे दाब सर्वाधिक असतानाच ठिणगी नको तितकी लवकर पडते. नॉकिंग सुरू होते, मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरमुळे ते ऐकू येत नाही, आणि एका रविवारी दुपारी तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये पिस्टन फुटतो. खर्च केलेले काही महिने आणि काही हजार डॉलर निळ्या धुराच्या रूपाने मागे उरतात.

योग्य क्रम याच्या नेमका उलट आहे. आधी मोजण्याची साधने: दाबाचा काटा, हवा-पेट्रोलचे प्रमाण दाखविणारा सेन्सर, नॉकिंगची नोंद करण्याची सोय. मग अधिक क्षमतेचा पेट्रोल पंप. मग मोठा इंटरकूलर, वेस्टगेटचे छिद्र घासून मोठे करणे, आणि संगणकाचे मूळ तक्तेच नव्याने लिहिणे, म्हणजे त्याला खोटे सांगण्याची गरजच उरत नाही. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने त्याच्या १४.७ पट हवा लागते. परंतु टर्बोच्या पूर्ण दाबाखाली हे प्रमाण ११ ते १२ इतकेच ठेवतात. जादा पेट्रोल जळत नाही, ते बाष्प होताना उष्णता शोषून घेते. मायलेजची सवय असलेल्या आपल्या मनाला ही उधळपट्टी वाटेल. पिस्टनच्या दृष्टीने तो विमा आहे.

कायद्याचा प्रश्न दोन्ही देशांत आहे. अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्यानुसार धूर नियंत्रित करणारी उपकरणे काढणे हा गुन्हा आहे. कॅलिफोर्निया त्याहून कडक आहे. तेथे १९७६ नंतरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांची धूर तपासणी दर दोन वर्षांनी होते आणि बदललेल्या भागाला राज्याच्या मंजुरीचा क्रमांक असावा लागतो. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार नोंदणीपत्रकातील तपशील कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. सीएनजी किट बसवून आरटीओत नोंद करता येते, टर्बोची गोष्ट वेगळी. पुण्या-मुंबईतील हौशी मंडळींनी हे आधी वाचावे आणि मगच सुटे भाग मागवावेत.

सगळे जोडून झाल्यावर पहिल्यांदा इंजिन सुरू करताना घाई करीत नाहीत. ठिणगीची तार काढून, पेट्रोल बंद ठेवून स्टार्टर फिरवतात, तो तेलाच्या दाबाचा काटा हलेपर्यंत. टर्बोकडे जाणारी तेलाची नळी आणि तेथून खाली परतणारी नळी मोकळी आहे ना, हे पाहतात, कारण तेलाविना तो दांडा काही क्षणही टिकत नाही. मग ठिणगी, मग आवाज, आणि एखाद्या विसरलेल्या क्लॅम्पमधून गळणारे पाणी. पहिल्या काही मैलांनंतर तेल बदलतात. जुना फिल्टर कापून त्याचा कागद पांढऱ्या फडक्यावर पसरतात आणि टॉर्चच्या उजेडात बेअरिंगच्या धातूची चमक कुठे दिसते का, ते शोधत बसतात.