पैसे संपले म्हणून गोळी थांबवू नका

बायपोलर आजारात माणूस कधी रात्र-रात्र झोपत नाही, उधारीवर खरेदी करतो, मोठमोठे बेत सांगतो. काही दिवसांनी तोच अंथरुणातून उठत नाही. घरचे आधी तावीज, झाडफूक यांवर खर्च करतात आणि दवाखान्याची वेळ येते तेव्हा हात रिकामे असतात. दुआ जरूर करावी, पण गोळीही द्यावी.

कनेरगाव नाक्यावरच्या मजूर घराला खरा भार पडतो तो बसभाड्याचा आणि बुडालेल्या रोजाचा. नाका जिल्ह्याच्या सीमेवर. एकीकडे हिंगोली, दुसरीकडे वाशीम. दोन्हीकडे जिल्हा रुग्णालय आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. एका फेरीत महिन्याभराची औषधे मिळतील का, हे डॉक्टरांना विचारायला लाजू नका. 14416 या टेलि-मानस क्रमांकावर समुपदेशकाशी बोलायलाही पैसे लागत नाहीत.

लिथियम हे या आजारावरचे जुने आणि स्वस्त औषध. मात्र अंगातले पाणी कमी झाले की रक्तातले त्याचे प्रमाण वाढते. हात जोरात थरथरणे, उलट्या, तोल जाणे दिसले तर लगेच दवाखाना गाठावा. म्हणून उन्हाळ्यातल्या रमजानच्या आधीच डॉक्टरांना भेटा. स्वतःहून गोळीची वेळ बदलू नका. आजाऱ्याला रोजात सवलत आहेच. रक्त तपासायला जाताना रात्रीची गोळी किती वाजता घेतली, ते चिठ्ठीवर लिहून न्या. नमुना साधारण 12 तासांनी घेतात.